साकोलीची आई आणि मालवणचा समुद्र

आईचं वय ६८. तिने समुद्र पाहिला नव्हता. साकोलीजवळच्या एका तळ्याकाठच्या गावात जन्म, लग्नानंतर नागपूर, मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, बाबांचं जाणं. समुद्र राहूनच गेला. मी नागपूरच्या एका शाळेत २२ वर्षं भूगोल शिकवते. 'कोकणचे हवामान उष्ण, दमट. मुख्य पीक भात' हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण मीही कोकणात पाय ठेवला नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी आठ दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस

नागपूरहून मडगावला जाणाऱ्या गाडीत दुपारी बसलो. सोबत मृग बहराच्या संत्र्यांची पिशवी. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांच्यासाठी आईने कॉटन मार्केटमधून एकेक फळ हाताने पारखून घेतलं होतं. वर्धा, बडनेरा, अकोला ही ओळखीची स्टेशनं गेली. वाटेत हरभऱ्याची काढणी चालू होती. अंधार पडला तशी आई झोपली.

दुसरा दिवस

पनवेल मागे पडल्यावर जाग आली. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते आणि तिथून खिडकी सोडवत नाही. हा मार्ग पूर्ण होऊन १९९८ मध्ये गाड्या धावू लागल्या. तोपर्यंत मुंबईत कामाला गेलेला कोकणी माणूस रात्रभर एसटीत बसून घाट उतरत असे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला. आईने माझा हात धरला. "हा डोंगर सरत नाही का वो?" बाहेर आलो तर समोर एकदम हिरवी दरी आणि लाल मातीची वाट.

ही लाल माती पाहून मला फार बरं वाटलं. सीताबर्डीची टेकडी म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड. तिथून पुढे भंडाऱ्याच्या दिशेने गेलं की काळा बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना खडक उघडा पडतो. इकडे कुडाळ-मालवणच्या बाजूलाही तसंच: लाव्हा संपतो आणि खालचे जुने खडक वर येतात, डोक्यावर लाल जांभ्या दगडाची टोपी घेऊन. म्हणजे आमची गाडी एका रात्रीत तो सगळा लाव्हा या काठापासून त्या काठापर्यंत ओलांडून आली होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे साकोली न् हे कुडाळ सारखंच की."

मी तेव्हा हसले. पुढच्या सहा दिवसांत तिचं ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवलं.

दुपार कलताना कुडाळला उतरलो. ज्यांच्याकडे राहिलो ते काका-काकी धामापूरच्या वाटेवर एका वाडीत राहतात. चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं म्हणजे अंगण, बाजूला पोफळी. काकी खळ्यातच उभ्या होत्या. "नागपूरसून? बापरे, लांबसून इलात. येवा, बसा." संत्री हातात दिली तर त्यांनी आधी नाकाशी नेली.

रात्री जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. कोकमं एप्रिल-मेमध्ये पिकतात, त्यामुळे कढी गेल्या हंगामातल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या साठवलेल्या रसाची होती. आईने पहिल्या घासालाच विचारलं, "यात झिंगे नाही का भेटत इकडे?" झिंगे म्हणजे आमच्याकडच्या तळ्यातली कोळंबी. काकींना शब्द कळला नाही. आईने बोटाने वाकडी आकृती काढून दाखवली. "सुंगटां!" काकी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पानात सुंगटां होती.

तिसरा दिवस: धामापूर

ठरल्याप्रमाणे आज मालवणला जायचं होतं. पण काका सकाळीच म्हणाले, "आधी आमचो तलाव बघा, समुद्र खंय जाता?" आईने चप्पल घातलीसुद्धा.

धामापूरचा तलाव इ.स. १५३० मध्ये बांधला गेला. विजयनगरच्या राजवटीचा तो काळ. नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने गावकऱ्यांच्या मदतीने दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवली, एवढीच त्याची रचना. जवळपास पाचशे वर्षं झाली, तलाव अजून गावांना पाणी देतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. काठावर भगवती देवीचं कौलारू देऊळ आहे. त्याच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात आणि पलीकडच्या काठावर झाडी इतकी दाट, की पाण्याचा रंगही हिरवा दिसतो.

आई पायरीवर बसली नाही. ती बांधावरून चालत सुटली. गुडघ्यांचं दुखणं विसरून ती मातीचा उतार पाहत होती, पाणी कुठून सुटतं ते वाकून शोधत होती. "पाळ कशी घातली पाह्य," ती म्हणाली. पाळ म्हणजे बांध. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, हजारोंनी तळी आहेत, बहुतेक कोहळी समाजाने खोदलेली, मालगुजारीच्या म्हणजे जमीनदारीच्या काळात जपलेली. त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नवेगाव बांध हा त्यातला सर्वांत नावाजलेला; कोलू पाटील कोहळींनी बांधलेला. माझे आजोबा त्यांच्या गावच्या तळ्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायचे, कोणाच्या बांधीत म्हणजे भातखाचरात किती पाणी जाईल ते ठरवायचे. आईचं बालपण त्या पाळीवर गेलं. ती या पाण्याकडे पाहत होती तशी तिला मी आमच्या नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर कधी पाहिली नाही.

काकांनी मग तलावाची गोष्ट सांगितली. पूर्वी गावात कोणाचं लग्न निघालं आणि घरात दागिने नसले, की माणसं देवीला सांगून परडीत फुलं ठेवून ती पाण्यात सोडत. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न उरकलं की दागिने परत पाण्यात. एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत. तेव्हापासून परडी वर आली नाही.

आई ऐकता ऐकता उभीच राहिली. "अहो, हे तर आमच्या ताडोबाचं हाय!" तिच्या आजीने तिला सांगितलेली गोष्ट अशी: ताडोबाच्या तळ्याकाठी वाटसरू आले आणि त्यांच्याकडे भांडी नसली, तर तळ्याला हाक मारायची. पाण्यातून भांडी वर यायची. स्वयंपाक करायचा, घासायची, पुन्हा पाण्यात सोडायची. एका माणसाने ती घरी नेली आणि तळं मुकं झालं.

मला या दोन गोष्टींमागे एकच सूचना दिसते. तळ्याचं पाणी सगळ्यांचं. घ्यायचं ते उसनं घ्यायचं, परत करायचं. दोन्हीकडे धान पिकवणारी माणसं, दोन्हीकडे पाणी साठवून जगणारी. कोणी कोणाकडून ऐकली असेल असं मला वाटत नाही. गरज एक होती म्हणून गोष्ट एक झाली.

कोकणाला पाणी साठवायची गरज काय, असं मीच वर्गात विचारलं असतं. आमच्या नागपूरला वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे ३००० च्या वर. पण जांभा हा चाळणीसारखा दगड. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षं खडक धुऊन काढला, विरघळणारं सगळं निघून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. पाणी त्या भोकांतून झिरपतं आणि तीव्र उतारावरून समुद्राला मिळतं. काकी म्हणाल्या की एप्रिलच्या शेवटी वरच्या वाडीच्या विहिरींचा तळ दिसतो. पुस्तकातल्या त्या एका ओळीखाली किती तहान दडली आहे हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

देवळात काकांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. हात जोडून, मोठ्याने, समोर माणूस बसला असावा तसं बोलत: "बा देवी म्हाराजा... ही नागपूरसून तुझ्या पायाकडे इलेली लेकरां आसत... तेंचो प्रवास सुखाचो होवंदे, काय इडापिडा आसात ती दूर कर गे म्हाराजा..." प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वाक्याला आईचाही आवाज मिसळला. आपल्यासाठी परक्या गावात कोणीतरी त्यांच्या देवाशी एवढं बोलावं, याने माझा गळा दाटून आला.

चौथा दिवस: मालवण

शेवटी समुद्र. मालवणच्या धक्क्यावर आलो तेव्हा उन्हं चढली होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याला पाळच नाही." आणि डोळे पुसले. मी तिला काही विचारलं नाही.

होडीने सिंधुदुर्गावर गेलो. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले. तिथे पूजा करून १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. तीनेक वर्षांत तो उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांनी काम पाहिलं. तटाच्या पायात शिसं ओतलं होतं. जवळपास ४८ एकरांचं बेट, आणि तट बेटाच्या कडेकडेने नागमोडी वळत जातो. महादरवाजा अशा वळणात बसवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा लहानशा घुमटीत जपला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्गही आहे.

हे सगळं पाहिलं, पण आईचा वेळ गेला तो तीन विहिरींवर: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधल्या खडकात गोड झरे. 'बाव' म्हणजे विहीर. किल्ला बांधायचा तर आधी पाणी पाहावं, तट नंतर, हे तिने दोन शब्दांत सांगितलं: "राजा शहाणा." गडावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यातल्या एका बाईंनी पोहऱ्याने काढून पाणी दिलं. गोड होतं.

परतताना किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत लांबच लांब जाळं सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढत आणायची. पन्नासेक माणसं, त्यात म्हातारी आणि शाळकरी पोरंही. ज्याने दोरीला हात लावला त्याचा वाटा असतो. आईने न विचारता दोरी धरली. कोणी तिला थांबवलं नाही, एका आजोबांनी फक्त पायाखालचा दगड दाखवला. जाळं आलं तेव्हा तारली, थोडे बांगडे आणि पुष्कळ बारीक मासळी. पूर्वी याच्या कितीतरी पट मिळायची, असं तिथली माणसं सांगतात. यांत्रिक बोटी आणि प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यावर ते फार कळवळून बोलतात. मला त्यांची बाजू पटते. ज्या पद्धतीत जाळं किनाऱ्यापुरतं आणि वाटा सगळ्या गावाचा, तिने समुद्र कधी रिकामा केला नव्हता.

आईलाही वाटा मिळाला: केळीच्या पानात गुंडाळलेली आठ तारली.

पाचवा दिवस: कुडोपी, पिंगुळी, आणि ती रात्र

ठरवलेली गाडी सकाळी आलीच नाही. फोनही लागेना. शेवटी काकांच्या भाच्याने त्याची रिक्षा काढली आणि दिवसभर आमच्यासोबत राहिला. पैशांचं विचारलं तर फक्त पेट्रोलचे घेतले.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून पिवळं झालेलं. खाली वाडीत नारळ-सुपारीची गर्द सावली आणि वर हे रखरखीत माळ. कोकण सगळीकडे हिरवं असतं हा माझा समज इथे गेला. चालता चालता पायाखाली रेषा दिसू लागल्या: माणसाच्या आकृत्या, मासे, पक्षी, चौकटीतली नक्षी, आणि एक मोठी आकृती जिला अभ्यासक मातृदेवता मानतात. गावकरी या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. अशी शिल्पं रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेक सड्यांवर आहेत. कशेळीचा हत्ती तर १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण ही आणखी काही ठिकाणं. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोणी कोरली, का कोरली, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, कारण ती लिपीच्या आधीची माणसं.

मला नागपूरजवळचं जुनापाणी आठवलं. काटोल रस्त्यावर, शहरापासून दहाएक किलोमीटरवर, तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांच्या दफनांच्या खुणा. नागपूरच्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसतं. इथे कुडोपीतही शिल्पांभोवती पायवाट, आणि इतर सड्यांवर चिऱ्याच्या खाणी, रस्ते, गाड्यांची चाकं. जांभा नरम दगड, चाक गेलं की रेष पुसट होते. ज्या उक्षीत गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन हत्तीभोवती भिंत घातली, तिथे शिल्प वाचलं. सरकारी फलक लागेपर्यंत थांबलं तर बरंच जाईल. हे मी जुनापाणीबद्दलही तितक्याच काळजीने म्हणते.

दुपारी पिंगुळी. कुडाळच्या अगदी शेजारी. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांचा खेळ या कला जिवंत ठेवल्या. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. चित्रकथीत कथेची चित्रं कागदावर असतात, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र समोर धरतो, वीणा, हुडूक आणि टाळाच्या साथीत प्रसंग गातो, मग पान उलटतो. डोळे मोठे, नाक टोकदार, रंग वनस्पतींचे आणि मातीचे. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तेव्हा देवळांतून ठरलेल्या दिवशी हे सादर होई.

परतलो तर काकी म्हणाल्या, "राती देवळात नाटक आसा. येवा." दशावतार.

साकोलीकडे दिवाळी झाली, धान घरी आलं, की नाटकं सुरू होतात. वडसा हे त्या झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र; तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, तिथून गावोगावची नाटकं ठरतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असेल तर रात्री नाटक हवंच. रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये त्याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. आईच्या लहानपणी तिचे वडील तिला खांद्यावर बसवून नाटकाला नेत. त्यामुळे रात्री अकराला देवळाच्या मांडवात चटईवर बसताना तिला काहीच वेगळं वाटलं नाही. तिने शेजारणीला सरकायला सांगून जागा केली आणि पदराखाली पाय घेतले.

रंगमंच म्हणजे देवळाचा सभामंडप. पडदा नाही. मधोमध एक बाकडं, तेच सिंहासन, तेच जंगलातलं शिळाखंड. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या पोशाखातला संकासुर. वेद चोरणारा हा राक्षस मालवणीत बोलतो, पुढे बसलेल्या पोरांची नावं घेऊन थट्टा करतो, आणि पोरं हसून लोळतात. विष्णू येऊन त्याला मारतो आणि मग मुख्य आख्यान सुरू होतं. त्या रात्री अभिमन्यूचं आख्यान होतं. उत्तरेची भूमिका करणारा पुरुष नट नऊवारीत असा उभा राहिला, असा मान वळवून रडला, की माझ्या शेजारच्या काकींनी डोळ्यांना पदर लावला.

एक गोष्ट मला भाच्याकडून कळली आणि मी थक्क झाले: संवाद लिहिलेले नसतात. कोणतं आख्यान, कोण काय करणार, हे संध्याकाळी ठरतं. बाकी सगळं जागच्या जागी, समोरच्याच्या वाक्यावरून. शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी, लांब पल्ल्याची वाक्यं, आणि मध्येच ओवी किंवा पद. हे नट दिवसा शेती करतात, मजुरी करतात. 'राती राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी इथे म्हणच आहे: पहाटे वेशभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालायचं.

उजाडता उजाडता दहीकाला झाला. हंडी फुटली, दह्याचे शिंतोडे आमच्यापर्यंत आले. नाटक संपल्यावर आई सरळ मांडवाच्या कडेला गेली, जिथे उत्तरा झालेला नट खोबरेल लावून रंग पुसत होता. "तुमचं धान झालं का कापून?" तिने विचारलं. तो चमकला, मग हसला. "भात कवाच झाला आये. आता वायंगण आसा." दोघं दहा मिनिटं शेतीवरच बोलत राहिले. मी दूर उभी होते.

सहावा दिवस

दुपारपर्यंत झोप. मग सावंतवाडी. मोती तलाव, राजवाडा, लाकडी फळं आणि खेळण्यांची दुकानं. राजवाड्यात गंजिफा रंगवताना कारागीर पाहिले: गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२०. एका पत्त्यावरचा मत्स्य रंगवायला त्या बाईंना किती वेळ लागतो ते पाहून मी घासाघीस करायचा विचारही केला नाही. लहान संच घेतला.

सातवा दिवस: वायंगणी

वेंगुर्ल्याच्या पुढे वायंगणी नावाचा किनारा आहे. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. गावकरी आणि वनविभाग मिळून घरटी सुरक्षित जागी हलवतात, जाळी लावतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. आम्ही पहाटे पोहोचलो, पण त्या दिवशी एकही घरटं फुटलं नाही. वाळूत रोवलेल्या काठ्या आणि त्यांवर लिहिलेल्या तारखा तेवढ्या पाहिल्या. तरी मला त्या राखणदारांचं फार कौतुक वाटलं. रात्र-रात्र विजेरी घेऊन किनारा चालणारी ती गावातलीच मुलं.

वाटेत आसोलीला सुरंगीचा हंगाम भरात होता. फांद्यांना लगटून पिवळसर कळ्या, आणि वास असा की रिक्षा वळणावर येण्याआधीच कळतं. कळ्या उमलण्याआधी, भल्या पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात. खाली बायका वळेसर गुंफत बसल्या होत्या. आईने एक घेतला आणि केसांत माळला. बाबा गेल्यापासून तिने केसांत फूल घातलं नव्हतं. त्या बायकांपैकी कोणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही.

वायंगणी हे नाव कुठून आलं ते तिथेच समजलं. पावसाळी भातानंतर झऱ्याच्या, ओढ्याच्या पाण्यावर घेतात ते दुसरं पीक म्हणजे वायंगण. सगळीकडचं गवत पिवळं पडलेलं असताना खालच्या मळ्यात ते हिरवंगार चौकोन दिसत होते. आई बांधावर उतरली. मग शब्दांची देवाणघेवाण सुरू झाली: आमचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, तो इकडचा तरवा, आमची रोवणी ती लावणी, आमची बांधी तो कुणगा, आमचं उन्हाळी धान ते वायंगण. काकी एकेक शब्द पुन्हा म्हणून पाहत होत्या.

आठवा दिवस

निघायच्या आधी काकींनी माळ्यावरून भाताची मुडी उतरवली. पेंढ्याने वळून बांधलेला गोल गठ्ठा, त्यात बियाणं राहतं. आमच्याकडे ढोली असते, पण तशा आता थोड्याच घरात दिसतात. त्यांनी ओंजळभर वायंगणाचं बी काढून फडक्यात बांधलं आणि आगळाच्या बाटलीसोबत आईच्या हातात दिलं. आईने ते पिशवीत टाकलं नाही, हातातच ठेवलं.

कुडाळ स्टेशनवर गाडीला वेळ होता. काका-काकी सोडायला आले होते. आईने साकोलीला मामाला फोन लावला. समुद्र पाहिला, किल्ला पाहिला, नाटक पाहिलं, सगळं एका दमात सांगून झालं, मग म्हणाली, "तुह्यासाठी धानाचं बी आणून राहिली." फोन स्पीकरवर होता. पलीकडून मामाने समुद्राबद्दल एक शब्द विचारला नाही.

"पाणी किती लागते त्याले?"

आईने काकींकडे पाहिलं. काकींनी हात पुसला आणि फोन आपल्याकडे घेतला.